दुसऱ्या श्रेणीची गाठ

स्लाइडवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. तरी ती कुणाची आहे हे डॉ. पद्मजा मगदूमला पक्कं ठाऊक होतं. सांगलीच्या संजीवन कर्करोग रुग्णालयात ती आयुष्यभर हेच काम करत आली होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि ही गाठ किती द्वाड आहे ते ठरवायचं. आजची गाठ तिच्या धाकट्या बहिणीच्या, वैजयंतीच्या स्तनातली होती.

नियमाप्रमाणे तिने तीन गोष्टी पाहिल्या. पेशींनी नळ्यांसारखी मूळची मांडणी कितपत राखली आहे? जवळजवळ नाहीच, तीन गुण. पेशींची केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत? मध्यम, दोन गुण. दुभंगणाऱ्या पेशी किती? हे मोजताना ती दोनदा अडखळली, काच पुढेमागे सरकवली आणि शेवटी दोन गुण दिले. बेरीज सात. म्हणजे श्रेणी दोन.

"दोन!" ती चिडून स्वतःशीच म्हणाली. "झालं! म्हणजे काहीच कळलं नाही."

श्रेणी एकची गाठ सुस्त असते. ती काढून टाकली, पुढे काही वर्षं हार्मोनविरोधी गोळ्या घेतल्या की बहुतेक बायका सुखरूप राहतात. श्रेणी तीनची गाठ आडदांड. तिला केमोथेरपीशिवाय पर्याय नाही. पण तपासलेल्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या दोनमध्ये येऊन बसत. दोन म्हणजे मध्यम धोका असं लोकांना वाटे. खरं तर 'आम्हाला सांगता येत नाही' या वाक्याचंच ते सभ्य रूप होतं. मग डॉक्टर म्हणत, जोखीम नको, केमो घ्या. त्यातल्या कितीजणींना ती उगाच दिली जात होती हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून तर रुग्णालयात नवं यंत्र आलं होतं. प्रयोगशाळेतली पोरं त्याला 'गिरणी' म्हणत, कारण ते गाठीचा तुकडा आधी दळून काढायचं. कल्पना साधी होती. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो, पण सगळी जनुकं एकाच वेळी कामाला लागत नाहीत. ज्याचं काम निघेल त्या जनुकाच्या आरएनएच्या रूपातल्या प्रती पेशी भराभर काढते. एखादी पेशी दुभंगायच्या तयारीला लागली, की ठरावीक जनुकांच्या प्रती तिच्यात खच्चून भरतात. गिरणी त्या प्रती मोजायची आणि शून्य ते शंभरमध्ये एक आकडा द्यायची. गंमत अशी, की या मोजणीत दोन नावाची श्रेणीच उरत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी इथे दोन गटांत फुटत. काही अगदी श्रेणी एकच्या गाठींसारख्या गरीब, काही श्रेणी तीनसारख्या जहाल.

वैजूच्या गाठीचा तुकडा गिरणीत गेला. दुपारी पडद्यावर आकडा आला. एक्क्याऐंशी.

तीनसारखी.

"केमो घ्यायची," पद्मजाने घरी आल्या आल्या जाहीर केलं. "मी आमच्या केमोच्या डॉक्टर उबाळेंशी बोलले आहे. जखम पुरती भरली की सुरू."

दोघी बहिणी विश्रामबागेत एकाच घरात राहत. आई लवकर गेली तेव्हापासून पद्मजाच घरातली मोठी. वैजूची शाळा, कॉलेज, गाडी, चष्म्याची फ्रेमसुद्धा तिनेच ठरवलेली. लग्न दोघींनीही केलं नाही, कुणी कारण विचारलं तर वैजू म्हणे, "मला जनावरं पुरतात." ती जनावरांची डॉक्टर होती. जतपासून तासगावपर्यंतच्या गोठ्यांत तिला नावानिशी ओळखत.

"माझी बोटं बधिर होतील ना गं त्याने?" वैजूने विचारलं.

"काही औषधांनी होतात. बहुतेकांची परत येतात."

"बहुतेकांची. ताई, अडलेल्या म्हशीच्या पोटात मी खांद्यापर्यंत हात घालते. आत काही दिसत नाही. पाय कुठला, मान कुठली, हे मला बोटंच सांगतात. ती गेली तर मी काय करू?"

"जिवंत राहशील!"

वैजूने ते कानाआड केलं. मग म्हणाली, "तुझी ती गिरणी हे शिकली कुठे?"

"युरोपात. हजारो बायकांच्या गाठींवर."

"आणि आपल्या बायकांवर?"

"तेच तर तपासायचं आहे अजून."

"मग? विलायती होल्स्टीन गाईच्या खुराकाचा तक्ता मी आपल्या खिल्लार गाईला लावत नाही. लावला तर शेतकरी मला गोठ्यातून हाकलून देईल. आधी तपासून दाखव."

पद्मजाला राग आला. तो राग रात्रभर टिकला आणि सकाळी त्याचा पार उत्साह होऊन गेला.

तपासायचं सामान रुग्णालयाच्या तळघरातच होतं. काढलेल्या प्रत्येक गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवलेला असतो. जुन्या मेणात आरएनएचे तुकडे तुकडे होतात, पण ही गिरणी तेवढ्या तुकड्यांवरूनही प्रती ओळखू शकत होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी श्रेणी दोन मिळालेल्या आणि काही ना काही कारणाने केमो न घेतलेल्या बायकांच्या वड्या काढायच्या, गिरणीकडून प्रत्येकीचं भविष्य वदवून घ्यायचं आणि मग जाऊन बघायचं, कोण आहे आणि कोण नाही.

केमो विभागाचे प्रमुख डॉ. विश्वंभर उबाळे हा शब्द तोलून बोलणारा माणूस. त्यांनी एकच अट घातली. "मॅडम, गिरणीचे निकाल माझ्याकडे राहतील. त्या बायकांना शोधून होईपर्यंत तुम्हाला ते कळणार नाहीत. नाहीतर तुम्हाला जे दिसायला हवं तेच दिसेल."

केमो दोनेक महिने थांबू शकत होती. नीतिमत्ता समितीने तातडीने संमती दिली. शहरातल्या बायका फोनवर सापडल्या. पूर्वेकडच्या गावांत मात्र नंबर बदललेले, वाड्यावस्त्यांची नावं अर्धवट. पद्मजा हात टेकायच्या बेतात होती, तेवढ्यात वैजूने जीपची किल्ली फिरवली.

"चल. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, सगळे रस्ते मला पाठ आहेत."

"तू आत्ताच ऑपरेशनमधून उठली आहेस!"

"म्हणून तू चालव. मी रस्ता सांगते."

तो प्रवास पद्मजाच्या आयुष्यातला सगळ्यात धमाल प्रवास ठरला. आयुष्यभर तिने माणसं काचेवरच्या रंगीत डागांमध्ये पाहिली होती. आता त्या डागांना दारं फुटली, अंगणं फुटली. एका वस्तीवर, जिची गाठ पद्मजाने नोकरीच्या सुरुवातीला पाहिली होती ती बाई, खळ्यात ज्वारी वाळवत उभी होती. "व्हय, मीच ती," म्हणत तिने दोघींना भाकरी-ठेचा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्या गावी एक बाई सरपंच निघाली. जीपमध्ये परत बसताना दोघी शाळकरी पोरींसारख्या ओरडत, "अजून एक!"

सगळीकडे तसं नव्हतं. तासगावजवळ एका द्राक्षबागेत दत्ताजी निकम नावाचे गृहस्थ भेटले. बायकोचं नाव ऐकताच त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"ती गेली हो. ऑपरेशननंतर तीन वर्षांनी. हाडांत पसरलं होतं." मग त्यांनी विचारलं, "आता हे कशाला विचारताय?"

पद्मजा काही बोलणार तोच वैजू म्हणाली, "मला तोच आजार झालाय, काका. काकूंचं कळलं तर माझं काय करायचं ते कळेल."

निकमांनी तिच्याकडे पाहिलं. "मग विचारा काय विचारायचं ते. सगळं सांगतो."



सगळ्यात शेवटी सापडल्या त्या जतच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका वस्तीवरच्या हौसाबाई बिराजदार. सत्तरी उलटलेली, आवाज मात्र शेताच्या त्या टोकापर्यंत पोचणारा. मेंढरांच्या वाड्यात उभं राहून त्या नातसुनेला कामं सांगत होत्या.

"कॅन्सर? झाला हुता की!" त्या म्हणाल्या. "गाठ काढली. मोठं औषध घ्या म्हणलं डाक्टर. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून रोज सांगलीला कोण जातंय? न्हाई घेतलं."

"आणि नंतर काही त्रास?"

"गुडघं दुखत्यात. त्याचं औषध हाय का तुमच्यापाशी?"

वैजू खदखदून हसली. एका मेंढीला ताप होता, तिला सुई टोचून दोघी निघाल्या.

शोध संपल्यावर उबाळ्यांच्या खोलीत तिघं बसली. पडद्यावर डाव्या बाजूला बायका आणि त्यांचं आज काय आहे ते, उजव्या बाजूला गिरणीचे इतके दिवस झाकून ठेवलेले आकडे. उबाळ्यांनी कळ दाबली.

पद्मजा खुर्चीवरून उठलीच. "अहो, हे बघा! हे बघा ना!"

ज्यांच्या गाठींना गिरणीने श्रेणी एकच्या गाठींसारखं म्हटलं होतं त्यांतल्या जवळजवळ सगळ्या हयात होत्या. ज्वारी वाळवणारी, सरपंचबाई, सगळ्या. ज्यांना तीनसारखं म्हटलं होतं त्यांतल्या बहुतेक गेल्या होत्या. निकमांची बायकोही त्यांतच होती. या दोन प्रकारच्या गाठींमधला जो फरक पद्मजाच्या तयार डोळ्याला कधी दिसला नव्हता, तो या यंत्राने मेणात पुरलेल्या कणभर मांसातून वाचून दाखवला होता. इतकी वर्षं 'सांगता येत नाही' म्हणून हात वर केले, ते आता सांगता येणार होतं! तिचे डोळे भरून आले.

"चालतं! आपल्या बायकांवर चालतं!"

"हो," वैजू शांतपणे म्हणाली. "म्हणजे माझी तीनसारखीच."

पद्मजा खुर्चीवर परत बसली. आनंदाच्या भरात ती तेवढंच विसरली होती.

"एक मिनिट," वैजू पडद्याजवळ सरकली. "हौसाबाई कुठे आहेत? हे काय? अठ्ठ्याऐंशी?"

गिरणीच्या मते हौसाबाई कधीच मरायला हव्या होत्या.

"अपवाद असतात," उबाळे म्हणाले. "तीनसारख्यांतल्या पाच-सहा जणी जगल्या आहेत. कुठलीही चाचणी शंभर टक्के नसते."

"खरंय," पद्मजा म्हणाली. पण वैजूची नजर त्या आकड्यावरून हलेना.

"ताई, तू त्यांची स्लाइड परत बघितलीस का? आकडा नाही, स्लाइड."

पद्मजाने त्याच संध्याकाळी ती काच लावली. पेशींचे पुंजके दिसले, नेहमीसारखेच. मग तिने काच थोडी बाजूला सरकवली आणि थबकली. पुंजक्यांभोवती बारीक, गोल, गर्द जांभळ्या पेशींची दाटी होती. लिम्फोसाइट. शरीराचे शिपाई. ते गाठींभोवती जमतात यात नवल नव्हतं. श्रेणी ठरवताना त्यांच्याकडे बघायचं नसतं, म्हणून कुणी बघत नाही. पण तिने भिंग वाढवलं तेव्हा त्या दाटीत जागोजाग दुभंगणाऱ्या पेशी दिसल्या. शत्रू समोर दिसला की शिपाईही आपली संख्या वाढवतात. आणि दुभंगायला त्यांनाही तीच जनुकं लागतात!

 गिरणी सगळं एकत्र दळत होती. ज्वारी आणि गहू एकत्र दळल्यावर पिठाचं वजन कळेल, पण कुठलं पीठ कशाचं ते कसं कळणार? प्रती भरपूर होत्या हे खरं. पण त्या नेमक्या कुणाच्या?

तिने वैजूची काच लावली. तिथेही दाटी होती. आपण दुभंगणाऱ्या पेशी मोजताना दोनदा का अडखळलो ते तिला आता कळलं. पण लगेच तिला स्वतःच्याच डोळ्यांची भीती वाटली. हे खरंच दिसतंय, की आपल्याला हवं म्हणून दिसतंय?

सकाळी तिने उबाळ्यांना सगळं सांगितलं. "मी नाही ठरवणार. दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं. माझं काही ऐकू नका."

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्याच वर्षी नवं उपकरण बसलं होतं. ते गाठ दळत नसे. काचेवर काप जसाच्या तसा ठेवून, कुठल्या पेशीत कुठल्या जनुकाच्या प्रती आहेत ते जागच्या जागी रंगांनी दाखवत असे. उबाळ्यांनी नावं काढून टाकली. तीनसारख्या ठरूनही जगलेल्या सगळ्या, गेलेल्यांपैकी तितक्याच आणि त्यांतच वैजू, अशा वड्या मिसळून पाठवल्या. आपली बहीण कितवी हे पद्मजालाही कळणार नव्हतं.

चित्रं आली तेव्हा ती पुन्हा तिघंच होती. उबाळे एकेक चित्र पुढे सरकवू लागले. काळ्या पार्श्वभूमीवर निळे पुंजके म्हणजे कर्करोगाच्या पेशी. जिथे दुभंगण्याची जनुकं जागी तिथे लाल ठिपके. पहिल्या चित्रात पुंजके आतून पेटल्यासारखे लाल होते. दुसऱ्यात तसेच. तिसऱ्यात मात्र पुंजके निळे, थंड, आणि सगळी लाली बाहेर, भोवती.

"दोन जाती आहेत," पद्मजा कुजबुजली. "सरळ सरळ दोन."

सगळी चित्रं पाहून झाल्यावर उबाळ्यांनी कुठलं कुणाचं ते उघड केलं. आतून लाल असलेल्या सगळ्या गेलेल्या होत्या. बाहेरून लाल असलेल्या सगळ्या हयात होत्या. त्यांतलंच शेवटून तिसरं चित्र वैजूचं होतं.

वैजू पडद्याला नाक लावून बघत राहिली. निळ्या पुंजक्यांना चारी बाजूंनी लाल ठिपक्यांनी घेरलं होतं.

"हे लाल कोण?"

"लिम्फोसाइट. तुझ्या रक्तातले."

"म्हणजे हा सगळा दंगा आपल्या माणसांचा आहे?"

"आपल्याच माणसांचा," पद्मजा म्हणाली, आणि दोघी बहिणी उबाळ्यांच्या देखत एकमेकींच्या गळ्यात पडून हसत-रडत राहिल्या.

उबाळ्यांनी त्यांना सावरायला वेळ दिला. मग ते म्हणाले, "आता माझं ऐका. पाच-सहा बायका म्हणजे पुरावा नव्हे, नुसता इशारा. मोठी चाचणी व्हायला वर्षं लागतील. तुम्हाला ठरवायला तेवढी वर्षं नाहीत. गाठ लहान, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ. केमो घेतलीत तर कुणी चूक म्हणणार नाही. नाही घेतलीत आणि गोळ्या नेमाने घेऊन तपासण्या चुकवल्या नाहीत, तरी मी तुमचा डॉक्टर राहीन."

वैजूने बहिणीकडे पाहिलं. "बोल ना, ताई."

पद्मजाच्या ओठांवर 'घेऊन टाक' आलंच होतं. शास्त्र तिला एक सांगत होतं आणि भीती दुसरंच. तिने ओठ मिटले.

"नाही. या वेळी मी नाही बोलणार."

"घाबरली आहेस?"

"खूप."

"मी पण." वैजूने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पण मी नाही घेणार केमो. आणि हे चुकलं, तर ते माझं चुकलं असेल. तू स्वतःला बोल लावून घ्यायचा नाही. कबूल?"

पद्मजाला 'कबूल' म्हणायला बराच वेळ लागला. पण ती म्हणाली.

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. दर तपासणीच्या आदल्या दिवशी पद्मजाला जेवण जात नसे आणि वैजू मुद्दाम तिच्या ताटात जास्त वाढे. तिकडे इशाऱ्याचा प्रश्न झाला आणि प्रश्नाची चाचणी. पाच शहरांतली रुग्णालयं तिच्यात उतरली, हजारो बायकांनी संमती दिली. निकाल लागला तेव्हा पद्मजा निवृत्तीला आली होती. दळण्याआधी बघायला हवं, हे तिचं म्हणणं खरं ठरलं. वैजू ठणठणीत होती. त्या प्रचंड आकडेवारीत ती एक ठिपका होती, आणि आपण एवढासाच ठिपका आहोत याचा तिला भारी आनंद होता.

संजीवनमध्ये पेशी-चित्र काढणारं स्वतःचं उपकरण बसलं, त्या आठवड्यात मिरजेची आफरीन मुल्ला नावाची तरुण मुलगी अहवाल न्यायला आली. शिवणवर्ग चालवणारी, तोंडाने खमकी, पण पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत उभी.

"मॅडम, माझा नंबर किती आलाय? एक, दोन का तीन?"

"नंबर नाही आता. ये, बस इथे. तुलाच दाखवते." पद्मजाने तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. निळे पुंजके होते, आतून लालभडक.

"हे निळं म्हणजे आजार. आणि हे लाल, तिथे तो वाढतोय. तुझ्या गाठीत तो आतून वाढतोय, आफरीन. केमो लागणार. यात शंका नाही."

मुलीने तिच्याकडे मान वळवली. "नक्की? नाही घेतली तर?"

आयुष्यभर या प्रश्नाला पद्मजाकडे निम्म्या वेळा 'दोन' एवढंच उत्तर असे. या वेळी तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "नक्की. आणि दुसरी गोष्टही तेवढीच ऐक. केमो धावून जाते ती दुभंगणाऱ्या पेशींवरच. हे जे लाल दिसतंय ना, त्यावरच तिचा घाव बसतो. तुझ्यासारख्या गाठींवर ती फुकट जात नाही. चाचणीत तुझ्यासारख्या कितीतरी जणी बऱ्या झाल्यात."

आफरीन पडद्याकडे झुकली. एकेका लाल ठिपक्यावर तिने बोट टेकवलं, जणू कापडावरच्या खुणा तपासत होती. मग पदराचं टोक सोडून ती ताठ बसली.

"दिसतायत की सगळे," ती म्हणाली. "मग उद्यापासूनच सुरू करा."